अक्कांबरोबर नळदुर्गपर्यंत

थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. लग्न होऊन मी कळंबला आले तेव्हा घराचा कारभार त्यांच्या हाती होता. पेरणीला कोण जाणार, पाहुण्यांना काय वाढायचं, कुणाला माहेरी कधी पाठवायचं, सगळं त्यांच्या तोंडून यायचं. मी शाळेत शिकवायचे. वर्गभर पोरांना एका नजरेत गप्प बसवणारी मी, घरी आले की अक्कांसमोर आवाज खाली घेऊन बोलायचे. पुढं चुली वेगळ्या झाल्या, मधली भिंत एकच राहिली, आणि आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं. भांडण असं कधी झालं नाही. जवळीकही झाली नाही.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी अक्कांचे गुडघे धरले. डॉक्टरांनी सांगितलं, चालण्यापेक्षा पायडल मारा. त्यांच्या पुण्यातल्या मुलानं लगेच घरात बसून मारायची सायकल पाठवून दिली. अक्कांनी ती ओसरीत दोन दिवस चालवली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तरीणबाई, घाण्याचा बैल बी गोल तर फिरतो. ही सायकल जागची हालंना. मला खरी घ्यायचीय. संगं चल."

"तुम्हाला येते का, अक्का?"

"येती."

मी विश्वास ठेवला नाही. पण दुकानात गेल्यावर त्यांनी लेडीज सायकल रस्त्यावर काढली, पदर कमरेला खोचला आणि बघता बघता मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या, कोपऱ्यापर्यंत जाऊन वळून आल्या. वळताना घंटी वाजवली. दुकानदार हातातलं काम सोडून बघत राहिला. एवढ्या वर्षांत आमच्या घरातल्या कुणीही त्यांना सायकलला हात लावताना पाहिलं नव्हतं.

"कुठं शिकलात?" मी विचारलं.

"माहेरी," त्या म्हणाल्या, आणि दुकानदाराला सीट खाली करायला सांगू लागल्या.

त्याच संध्याकाळी मीही एक सायकल घेतली. मला स्कूटी येत होती, त्यामुळं तोल होता. पायांना सवय नव्हती. ती अक्कांनी लावली. पहाटे मोंढ्यात गर्दी नसते. तिथं त्या कॅरियर धरून माझ्यामागं पळायच्या, गुडघे विसरून. "हँडल नको बघू, लांब बघ," असं ओरडायच्या. मी दोनदा धान्याच्या पोत्यांवर जाऊन आदळले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा अक्का तिथंच पोत्यावर बसून पोट धरून हसल्या. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

थंडी सरत आली तोवर आम्ही रोज गावाबाहेर दूरवर जाऊन येऊ लागलो होतो. एकदा परतताना मी सहज म्हणाले, "असंच पुढं जात राहिलो तर तेरला पोचू."

"तेरला कशाला, नळदुर्गला जाऊ की," अक्का म्हणाल्या. मला वाटलं, गंमत करताहेत. पण घरी आल्या आल्या त्यांनी आपल्या मालकांना, थोरल्या भाऊजींना, सांगून टाकलं. भाऊजी म्हणाले, गाडी करून जावा. माझे यजमान म्हणाले, पंक्चर झालं तर काय कराल? "काढू," अक्का म्हणाल्या, आणि विषय संपला. त्यांचा शब्द घरात अजून चालतो.

निघताना अक्का साडीत होत्या. वेशीबाहेर ओळखीच्या शेतात पाण्याच्या मोटारीची खोली होती, तिथं थांबून त्या आत गेल्या आणि लेकीचा पंजाबी ड्रेस घालून बाहेर आल्या. ओढणी डोक्यावरून घेऊन घट्ट बांधली, पायात मोजे आणि बूट. "बघतीस काय? गावात चार लोक बोलतेत, म्हणून. पुढं कोण वळखतंय?" पुढच्याच फाट्यावर उसाच्या बैलगाडीवरून एकानं हाक मारली, "वहिनी, कुठं निघालाव?" अक्कांनी मान न वळवता सांगितलं, "नळदुर्गाला." तो गाडीवान बराच वेळ मागं वळून बघत होता.

आम्हाला कसलीही घाई नव्हती. ढोकीच्या अलीकडं एका गावात माझी जुनी सहकारी राहते, तिच्याकडं मुक्काम केला. वाटेत ज्वारी पिवळी पडत आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. एका बाईनं हाताला धरून रानात नेलं आणि शेकोटीवर हरभऱ्याचे डहाळे भाजून दिले. हात, तोंड, ओढणी सगळं काळं झालं. एरवी या रस्त्यानं मी शेकडो वेळा एसटीनं गेले होते. खिडकीतून दिसायची ती नुसती रानं. आता त्यांना वास होता. भिजल्या मातीचा, उसाच्या पाचटाचा, मधेच कुठून तरी भाकरीचा.

तेरला मी शाळेच्या किती सहली नेल्या असतील. तरी खरं सांगायचं तर तिथं मी कायम पोरांची डोकीच मोजत असायचे. या वेळी पहिल्यांदा त्रिविक्रमाच्या मंदिराभोवती निवांत फिरले. मागून घोड्याच्या नालासारखं वळलेलं, विटांचं, फार जुनं. अक्कांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "ऊब हाय हिला." मग वस्तुसंग्रहालयात गेलो. एका कपाटात जाड मातीच्या भांड्याचे तुकडे होते. मी पाटी वाचून दाखवली, की दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा रोमशी व्यापार चालायचा आणि अशा उंच कुंभांतून तिकडची द्राक्षाची दारू इथपर्यंत यायची.

अक्का काचेला नाक लावून बघत राहिल्या. "म्हणजे समुद्र वलांडून हितं यायची व्हय? तेरला?"

"हो. बैलगाड्यांनी."

"आन् आपल्याकडचे नवरे म्हणतेत, दारूची सवय आमाला शहरानं लावली," त्या म्हणाल्या. शेजारी उभं असलेलं जोडपं तोंड फिरवून हसलं.

धाराशिवला माझ्या मावसबहिणीकडं एक दिवस नुसतं लोळून काढला. तुळजापूरला देवीचं दर्शन घेतलं. दर्शनाच्या रांगेत अक्का एकदम गप्प झाल्या होत्या. बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर मी विचारलं, "पाय दुखतात का?" त्या नाही म्हणाल्या. नळदुर्गचा रस्ता कुठून फुटतो ते फुलवाल्याला विचारू लागल्या.

तुळजापूर सोडून आम्ही नळदुर्गच्या रस्त्याला लागलो. पहिला उतार आला तेव्हा अक्कांनी पाय थांबवले आणि सायकल सोडून दिली. मी मागं ब्रेक दाबत येत होते. वारा त्यांच्या ओढणीत शिरला होता, ती मागं फडफडत होती, आणि पुढून त्यांचा आवाज येत होता. त्या कुठलीतरी जात्यावरची ओवी मोठ्यानं म्हणत होत्या. शब्द नीट कळत नव्हते. ट्रक शेजारून गेला तरी त्या थांबल्या नाहीत.

दुपारी ऊन चढल्यावर एका द्राक्षबागेच्या कडेला सावली बघून उतरलो. तोडणी चालू होती. बायका मांडवाखाली वाकून कात्रीनं घड कापत होत्या, कॅरेट भरत होत्या. मांडवाखालचा उजेड हिरवा होता आणि हवा बाहेरच्यापेक्षा गार. बागेची मालकीण, असेल आमच्या सुनांच्या वयाची, लगबगीनं पुढं आली. दोन म्हाताऱ्या सायकलवर कळंबहून आल्यात हे ऐकून तिनं सगळ्या बायकांना हाक मारली. आम्हाला बेदाण्याच्या शेडमध्ये नेऊन बसवलं. तिथं जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली, काही अजून हिरवी, काही सुकून सोनेरी झालेली. तिनं दोन ताटं भरून घड पुढं ठेवले. "खावा मावशी, लाजू नका. ही माल म्हणून जायची न्हाईत, पण गोड हाईत."

अक्कांनी पाणी मागितलं. ती म्हणाली, "पाणी कशाला, रस देते की." कोपऱ्यात फडकं बांधलेला माठ होता. त्यातून तिनं स्टीलचे दोन पेले भरून आणले.

मी एक घोट घेतला. जिभेला किंचित चावल्यासारखं झालं. चव बरी होती, पण मला आंबट सोसत नाही म्हणून मी पेला बाजूला ठेवला. अक्कांनी आपला संपवला, मग माझा संपवला, मग अजून एक मागून घेतला. "लई गार हाय गं. पोटात गेल्यावर बी गार लागायलंय," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मालकिणीच्या सासूबाई आत आल्या. पेल्याकडं बघून त्यांनी सुनेला विचारलं, "कुठल्या माठातला दिलास गं?"

"ह्या."

"अगं, तो सिरक्याला ठिवलाय! आठ दिस झाले त्याला."

सून पांढरीफटक पडली. मला काही क्षण कळेना. मग कळलं, की सिरका म्हणजे व्हिनेगर व्हायच्या आधी रसाची दारू होते, आणि तीच अक्कांच्या पोटात तीन पेले गेली होती. मी घाबरून अक्कांकडं पाहिलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, गाल लालसर झाले होते, आणि चेहऱ्यावर मोठी शांतता होती.

"तेरच्या रांजणात हीच आसंल," त्या म्हणाल्या.

सून रडकुंडीला आली होती. अक्कांनी तिला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवला. "रडतीस काय? वाईट न्हाय लागली." मग सासूबाईच आधी हसल्या, आणि मग आम्ही सगळ्याच. बाहेरच्या बायका काय झालं म्हणून डोकावू लागल्या.

त्या अवस्थेत सायकलवर बसवणं शक्य नव्हतं. शेडमध्ये सतरंजी टाकून आम्ही दुपार तिथंच काढायची ठरवली. अक्का आडव्या झाल्या, पण झोपल्या नाहीत. छताकडं बघत बोलायला लागल्या. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात त्या माझ्याशी इतकं कधी बोलल्या नव्हत्या.

नळदुर्गजवळचं एक खेडं त्यांचं माहेर, एवढं मला माहीत होतं. शाळा नळदुर्गात. त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, तासावर सायकली भाड्यानं द्यायचे ते. दुपारी वडील जेवायला गेले की ती मोठी जेन्ट्स सायकल बाहेर काढायची. दांडीवरून पाय टाकायची उंची नव्हती, म्हणून दोघी दांडीखालून पाय घालून, कैची मारत शिकल्या. एक पडली की दुसरी. गुडघ्यांवर कायम खपल्या.

"मग किल्ल्यात जायचा ना तुम्ही?"

"दारापातुर जायचो. आत न्हाय. आत गेलेलं कळलं आसतं तर तिच्या बापानं तंगड्या मोडल्या आसत्या. पाणीमहाल बघायचा म्हणून रोज ठरवायचो आन् रोज दारातनं माघारी. धावी झाली की जाऊ म्हणाली ती. धावीच्या आधीच माझं लगीन ठरलं." त्या कुशीवर वळल्या. "लग्नाच्या दिवशी ती मांडवात आली न्हाय. लई रागावली हुती. पुढं आमची वडलांची मंडळी समदी सोलापूरला गेली गिरणीत. मग नळदुर्गाला जायला कारणच ऱ्हायलं न्हाय."

"म्हणून आपण निघालो?"

"आता हाय का न्हाय ती, कुणाला ठावं. बघावं म्हणलं."

ऊन कललं तशा त्या उठल्या, डोक्यावर पाणी मारून घेतलं, आणि आम्ही निघालो. मालकिणीनं दोघींच्या पिशव्यांत घड भरून दिले.

नळदुर्गात पोचलो तेव्हा दुकानांत दिवे लागत होते. सायकलचं दुकान जागेवर नव्हतं. तिथं मोबाईलचं दुकान होतं. अक्कांनी मैत्रिणीच्या वडिलांचं नाव घेऊन विचारलं. पहिल्याला माहीत नव्हतं, दुसऱ्यालाही. चहाच्या टपरीवर एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, "सायकलवाल्याची लेक ना? बांगड्याचं दुकान हाय तिचं, मागच्या गल्लीत. दामादच हितं येऊन ऱ्हायला हुता."

मागच्या गल्लीत एका लहानशा दुकानात, रंगीत काचेच्या बांगड्यांच्या ओळींच्या मधे, एक गोरी, जाडजूड बाई चष्मा लावून गिऱ्हाइकाचा हात दाबून बांगडी चढवत होती. अक्का सायकल हातात धरून दारात उभ्या राहिल्या. मी मागं थांबले.

"क्या हुना बाई?" ती बाई मान वर न करता म्हणाली.

"सायकल पायजे. तासावर," अक्का म्हणाल्या.

बांगडी चढवणारा हात थांबला. तिनं चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं. पंजाबी ड्रेस, बूट, उन्हानं काळवंडलेला चेहरा. मग ती गिऱ्हाइकाला म्हणाली, "तू बस जरा." उठून बाहेर आली आणि अक्कांच्या दंडावर जोरात एक चापट मारली.

"आता आली व्हय गे? आता? मैं मरती तो किस कू पूछती?"

"तू मांडवात का आली न्हाईस?"

"क्यूं आती? मेरे कू छोड के जा रई थी तू."

आणि मग दोघी भर गल्लीत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सायकल माझ्या अंगावर कलंडली. मी दोन्ही सायकली सांभाळत उभी, आणि डोळे पुसायला हात मोकळा नाही. आतलं गिऱ्हाईक अर्ध्या चढलेल्या बांगडीसकट दारात येऊन बघत होतं.

त्या रात्री आम्ही तिच्या घरी राहिलो. जेवताना कळलं, की तिचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली, एक मुलगा हैदराबादला असतो, दुकान ती एकटी बघते. अक्कांनी आपलं सगळं सांगितलं. द्राक्षाच्या रसाचंही. ती इतकी हसली की ठसका लागला.

"तो पाणीमहाल बघितला का गं तू?" अक्कांनी विचारलं.

"एकली जाऊं? मिलके जाना बोले थे ना."

"गावात ऱ्हाऊन बघितला न्हाईस?"

"पोरगं कित्ती बार बोल्या, चल अम्मी. नै गई."

सकाळी ती दुकान बंद ठेवून आमच्याबरोबर निघाली; अक्कांनी आपली सायकल हातानं ढकलत बरोबर घेतली. किल्ला मी अनेकदा पाहिला होता, पण या दोघींमागून चालताना तो मोठा वाटला. दरवाजात दोघी क्षणभर थांबल्या, एकमेकींकडं पाहिलं, मग आत पाय टाकला. आत मोकळं मैदान, लांब एक उंच बुरूज, आणि बोरी नदीवर आडवा बांधलेला तो दगडी बांध. त्याच्या पोटात पाणीमहाल. आम्ही जपून पायऱ्या उतरलो. भिंत गार होती. आतल्या छोट्या दालनाच्या कमानीतून खाली पाणी दिसत होतं. पावसाळ्यात बांधावरून दोन धबधबे पडतात, तेव्हा लोकांची झुंबड असते. आता धबधबे नव्हते, गर्दीही नव्हती. दोघी कमानीत शेजारी शेजारी बसल्या, पाय लांब करून.

"एवढाच हाय व्हय?" अक्का थोड्या वेळानं म्हणाल्या.

"इत्ताच है," ती म्हणाली. "अच्छा है पन."

मी द्राक्षांची पिशवी उघडली. तिघींनी एक एक मणी तोडत घड संपवला.

वर आल्यावर मोकळ्या मैदानात अक्कांनी सायकलवर टांग मारली आणि मागं वळून म्हणाल्या, "बस."

"पागल हो गई क्या? टायर फुटंगा."

"फुटू दे. बस म्हणतीय ना."

ती कॅरियरवर एका अंगाला बसली. सायकल दोन हात डावीकडं गेली, दोन हात उजवीकडं, मी धावत मागं, मोंढ्यात अक्का माझ्यामागं धावायच्या तशी. मग सायकल सरळ झाली. दोघी मैदानात लांबपर्यंत गेल्या. मागचीनं पुढचीची कंबर धरली होती आणि ती सतत काहीतरी सूचना देत होती, आणि अक्का "गप बस, गप बस" म्हणत होत्या. कठड्यावर बसलेली कॉलेजची पोरं टाळ्या वाजवू लागली. मग दोघी पडल्या, अगदी सावकाश, गवतावर. लागलं कुणालाच नाही. उठायला मात्र वेळ लागला, कारण हसण्यानं अंगात जोर राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. अक्कांनी सकाळी भाऊजींना फोन लावला. "म्या ऱ्हाते हितंच, हप्ताभर," त्यांनी सांगितलं. तिकडून काही विचारलं गेलं असावं. "गुडघे बरे हाईत. जेवणाचं धाकट्या घरी बघा." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू जातीस का एकटी? का मी यिऊ तुळजापुरापातुर?"

मी जाते म्हणाले. यजमानांना मी संध्याकाळी पिकअप घेऊन तुळजापूरला यायला सांगितलं. दोघी गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. मैत्रिणीनं माझ्या दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या चढवल्या होत्या आणि चपात्या, शेंगाची चटणी बांधून दिली होती.

नळदुर्ग मागं पडलं. पुढं रस्ता, कडेला बागा, आणि मी. आयुष्यात मी दोन गावांच्या मधे कधी एकटी नव्हते. एसटीत माणसं असायची, स्कूटीवर मागं कुणीतरी बसलेलं असायचं, सहलीत पोरं असायची. पहिल्यांदा जरा भीती वाटली. मग भूक लागली. चढाच्या सुरुवातीला एक लिंबाचं झाड बघून सायकल टेकवली, चपातीवर चटणी पसरली आणि बसले. बांगड्या हलताना वाजत होत्या.

खालून एक एसटी आली आणि माझ्यासमोर थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"बंद पडली का, मावशी? टाका वर, चढ मोठा हाय."

"नाही, चालू आहे."

"मग बसलाव का?"

"बसायचं म्हणून," मी म्हणाले.

त्यानं एकदा सायकलकडं पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या चपातीकडं. मग हसून मान हलवली आणि गाडी पुढं काढली. खिडक्यांतून सगळे माझ्याकडं बघत वर गेले. मी उरलेली चपाती संपवली, बोटं चाटली, आणि चढ चढायला उठले.